कापडावर छापलेले प्रेक्षक

२०१० च्या ऑगस्टमध्ये इटलीच्या ईशान्य टोकाला, त्रिएस्ते शहरात, एका फुटबॉल क्लबने स्वतःच्या स्टेडियमची एक अख्खी बाजू कापडाने झाकून टाकली. कापड कोरं नव्हतं. त्यावर माणसं छापलेली होती, रांगेने बसलेली, सामना बघणारी. क्लबचं नाव त्रिएस्तिना, दुसऱ्या श्रेणीत म्हणजे सेरी बीमध्ये खेळणारा. स्टेडियम १९९२ मध्ये बांधलेलं, तीसेक हजारांच्या क्षमतेचं, आणि ते निम्म्यानेही भरत नव्हतं. ती बाजू उघडायची तर दारावर माणसं हवीत, सफाई हवी, सुरक्षा हवी. न उघडावी तर टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसतात. मग प्रेक्षक छापून घेतले. ते ओरडत नाहीत, धुराच्या कांड्या पेटवत नाहीत आणि तिकिटाचे पैसेही देत नाहीत. तो हंगाम संपता संपता संघ खालच्या श्रेणीत घसरला, आणि २०१२ मध्ये क्लबचं दिवाळं निघालं.

ही गोष्ट ज्या देशात फुटबॉल रुजलंच नाही तिथली असती तर हसून सोडून देता आली असती. पण इटलीने चार वेळा विश्वचषक जिंकलाय. तिथे चाहत्याला ‘तिफोसो’ म्हणतात, आणि हा शब्द टायफस नावाच्या तापावरून आलाय. चाहता म्हणजे अंगात ताप चढलेला माणूस! अशा देशात प्रेक्षक छापून आणायची वेळ का यावी?

आकडे बघा. १९८४-८५ च्या हंगामात सेरी आ म्हणजे पहिल्या श्रेणीच्या सामन्याला सरासरी अडतीस हजारांहून जास्त लोक येत होते. माराडोना नुकताच नापोलीत आला होता, प्लातिनी युव्हेंटसमध्ये, सॉक्रेटिस फिओरेंतिनात, झिको उदिनेसेत. आणि एवढे सगळे असताना विजेतेपद कोणी नेलं, तर व्हेरोनाने. आता बावीस वर्षं पुढे या. ९ जुलै २००६ ला बर्लिनमध्ये इटली विश्वविजेती झाली. त्यानंतर लगेच सुरू झालेल्या हंगामात सरासरी वीस हजारांच्याही खाली गेली. त्याच वेळी जर्मनीत, म्हणजे ज्यांना उपांत्य फेरीत इटलीने घरी बसवलं त्यांच्याकडे, जवळपास दुप्पट माणसं स्टेडियमात जात होती. जग जिंकून आलेल्यांच्या घरी शुकशुकाट आणि हरलेल्यांच्या घरी जत्रा.

कारणं विचाराल तर कोणताही इटालियन माणूस कॉफीचा कप संपायच्या आत चार सांगेल. हाणामारी, टीव्ही, मोडकळीला आलेली स्टेडियमं आणि सामने ठरवून खेळण्याचे घोटाळे. चारही खरी आहेत. पण टीव्ही इंग्लंडमध्येही आहे आणि तिथल्या हक्कांच्या पैशापुढे इटलीचा पैसा चिल्लर आहे, तरी तिथे तिकीट मिळत नाही. हाणामारीत तर इंग्रजांनी एके काळी साऱ्या युरोपला धडे दिले. मग याच कारणांनी तिकडची स्टेडियमं रिकामी का झाली नाहीत आणि इकडची का झाली? माझं म्हणणं असं की इटलीत या चारही गोष्टींच्या मुळाशी एकच दुखणं आहे. तिथल्या स्टेडियमला यजमान नव्हता. इमारत नगरपालिकेची, खेळ क्लबचा, वेळापत्रक टीव्हीचं, दरवाजा पोलिसांचा आणि गोलामागची बाजू उल्ट्रांची, म्हणजे कट्टर चाहत्यांच्या संघटित टोळ्यांची. तिकीट काढून आलेला साधा माणूस यातल्या कोणाचाच पाहुणा नव्हता.

इमारतीपासून सुरुवात करू. इटलीतली बरीच मोठी स्टेडियमं क्लबांनी बांधलेलीच नाहीत. बोलोन्याचं स्टेडियम आणि फ्लॉरेन्सचं स्टेडियम ही मुसोलिनीच्या काळातली, राजवटीची शान दाखवायला उभारलेली. रोमचं ओलिंपिको १९५३ मध्ये उघडलेलं, १९६० चं ऑलिंपिकही तिथेच झालं. आणि मग १९९० चा विश्वचषक, ज्यासाठी सरकारी तिजोरीचं तोंड उघडलं गेलं. बारी शहराला रेंझो पियानो या नामवंत वास्तुरचनाकाराने आखलेलं सान निकोला मिळालं, फुलाच्या पाकळ्यांसारखं, अठ्ठावन्न हजारांचं. दिसायला देखणं, यात वादच नाही. पण बारीचा संघ पुढे पहिल्या आणि खालच्या श्रेणींत वर-खाली होत राहिला. लग्नात हौसेने घेतलेला बारा माणसांचा डायनिंग सेट दोन खोल्यांच्या घरात ठेवल्यावर जे होतं तेच झालं.

तुरिनचं देल्ले आल्पी हे तर याचं सर्वांत बोलकं उदाहरण. १९९० मध्येच बांधलेलं, सत्तर हजारांच्या आसपास क्षमतेचं, नगरपालिकेच्या मालकीचं. खेळपट्टीभोवती धावण्याची पट्टी, कारण सरकारी पैसा घ्यायचा तर अ‍ॅथलेटिक्सची सोय हवी. त्या पट्टीवर मोठ्या शर्यती झाल्याच नाहीत म्हणायला हरकत नाही. तिचा परिणाम एवढाच की गोलामागे बसलेल्या माणसाला समोरचा गोल दुसऱ्या गावात असल्यासारखा दिसायचा. त्यात आल्प्सकडून येणारा वारा आणि हिवाळ्यातलं धुकं. २००१-०२ च्या हंगामात याच मैदानावर युव्हेंटसचा कोप्पा इतालियाचा, म्हणजे देशांतर्गत चषकाचा सामना झाला, साम्पदोरियाविरुद्ध. प्रेक्षक होते २३७. दोनशे सदतीस! आपल्याकडे सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं जमतात. आणि हा काही बुडालेला संघ नव्हता. बुफाँ, नेडवेड, देल पिएरो, त्रेझेगे अशी नावं होती, आणि त्याच हंगामाअखेरीस युव्हेंटस लीग विजेता झाला.

पुढे युव्हेंटसने ती जागा नगरपालिकेकडून दीर्घ मुदतीने घेतली, एकोणीस वर्षांचं स्टेडियम २००९ मध्ये जमीनदोस्त केलं आणि ८ सप्टेंबर २०११ ला त्याच जागी स्वतःचं उघडलं. क्षमता एक्केचाळीस हजार, म्हणजे जुन्याहून कितीतरी कमी. पहिली रांग खेळपट्टीपासून साडेसात मीटरवर. जागा कमी केल्या आणि माणसं वाढली. तेच शहर, तोच क्लब, तेच चाहते, हवामानही तेच. बदललं एवढंच की खुर्ची रिकामी राहिली तर ज्याच्या खिशाला चाट बसते त्याच्याच हातात आता किल्ली होती.

हे एवढं उघड असताना बाकीच्यांनी का केलं नाही? काहींनी केलं. उदिनेसेने नव्व्याण्णव वर्षांच्या करारावर मैदान घेऊन नव्याने बांधलं, अतालांताने बेर्गामोचं विकत घेतलं, फ्रोझिनोनेसारख्या छोट्या क्लबनेही नवं उभारलं. पण मोठ्या शहरांत कागद हलत नाहीत. रोमा क्लबने तोर दी वाल्ले भागात नवं स्टेडियम बांधायचं ठरवलं, अनेक वर्षं नकाशे, मंजुऱ्या, बदललेल्या मंजुऱ्या, मध्येच भ्रष्टाचाराच्या प्रकरणात बिल्डरला अटक, आणि २०२१ मध्ये क्लबनेच हात टेकले. फ्लॉरेन्सचं स्टेडियम पिएर लुईजी नेर्वी या थोर अभियंत्याचं, त्यामुळे वारसा म्हणून संरक्षित. क्लबच्या मालकाला पाडायचं होतं, पुरातत्त्वाचा कारभार बघणाऱ्यांना जपायचं होतं. (नेर्वीचे ते वळणदार जिने पाहिल्यावर मीही जपणाऱ्यांच्याच बाजूचा होतो. पावसात उघड्यावर बसणाऱ्या माणसाचं मत वेगळं असू शकतं.)

सगळ्यात गमतीचा प्रकार काल्यारीचा. सार्डिनिया बेटावरचा हा क्लब. त्याचं जुनं स्टेडियम धोकादायक ठरत गेलं, नवं मिळेना. तेव्हा २०१२ मध्ये त्याने आपले ‘घरचे’ काही सामने त्रिएस्तेला नेले, समुद्र ओलांडून देशाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच छापील प्रेक्षकांच्या गावी. ६ मे २०१२ ला युव्हेंटसने लीग जिंकली ती तिथेच, काल्यारीच्या या ‘घरी’. मग क्लबने काल्यारीजवळच्या एका गावात तात्पुरतं मैदान उभं केलं. त्याची परवानगी पूर्ण नव्हती, म्हणून सप्टेंबर २०१२ मध्ये रोमाविरुद्धचा सामना प्रेक्षकांविना खेळवायचा आदेश निघाला. मालकाने तरीही चाहत्यांना या म्हणून सांगितलं. सामना झालाच नाही आणि रोमाला ३-० असा बहाल झाला. यात कोण बरोबर, कोण चूक हे ठरवायला कोर्ट आहे. मला दिसतो तो तिकीट खिशात घालून निघालेला काल्यारीचा माणूस, ज्याला आपल्या संघाचं घर कुठे आहे हेच दर महिन्याला विचारून घ्यावं लागत होतं.

आता टीव्ही. १९९३ च्या २९ ऑगस्टला लाझिओ विरुद्ध फोज्जा हा सामना पैसे भरून बघायच्या वाहिनीवर दाखवला गेला, सेरी आचा असा पहिला. त्याआधी इटलीतला रविवार कसा होता हे जुनी माणसं डोळे बारीक करून सांगतात. सकाळी चर्च, दुपारी आईच्या हातचा पास्ता, मग सगळ्या देशातले सगळे सामने एकाच वेळी सुरू. स्टेडियमात बसलेल्यांच्याही कानाला ट्रान्झिस्टर, कारण १९६० पासून रेडिओवर एका मैदानातून दुसऱ्या मैदानात उडी मारत धावतं समालोचन चालायचं. खिशात तोतोकाल्चोची पावती, तेरा सामन्यांचे निकाल बरोबर ओळखले की नशीब फळफळलं. सगळ्या देशाची नाडी एकाच ठेक्यावर चालायची.

टीव्हीने हा ठेका मोडला. सामने शनिवारी संध्याकाळी, रविवारी रात्री, सोमवारी, आणि २०१०-११ पासून रविवारी दुपारी साडेबाराला, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी. इटालियन लोकांनी या तुकडेबाजीला नाव दिलं ‘स्पेत्सातीनो’. मांसाचे बारीक तुकडे करून शिजवलेल्या रश्श्याचं ते नाव. जेवणाच्या वेळी सामना ठेवणाऱ्याला स्वयंपाकघरातलीच शिवी, हे मला फार आवडलं.

पण माझ्या मते टीव्हीने केलेलं खरं नुकसान वेळापत्रकात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. १९९९ पासून पुढची दहा-अकरा वर्षं इटलीत प्रत्येक क्लब आपापले प्रसारणहक्क स्वतंत्र विकत होता. वाहिनीचा एकच चेक आला की वर्षाची सोय. तिकीटबारीवरचा गल्ला त्यापुढे किरकोळ. आणि ज्याचा पैसा किरकोळ त्याची तक्रारही किरकोळ. संडास तुंबलेत? छत गळतंय? खुर्चीवर कबुतरांची घाण आहे? नगरपालिकेला सांगा. नगरपालिका म्हणणार, क्लबला सांगा. टीव्हीने प्रेक्षक पळवला नाही. प्रेक्षकाची गरजच संपवली, आणि जिथे आपली गरज नाही तिथे शहाणा माणूस जात नाही.

पोलिसांबद्दल लिहिताना हात जरा सांभाळावा लागतो, कारण मेलेली माणसं खरी आहेत. १९७९ मध्ये रोमच्या स्थानिक लढतीत, म्हणजे रोमा विरुद्ध लाझिओ सामन्यात, समोरच्या बाजूने आलेल्या जहाजी रॉकेटने लाझिओचा एक चाहता जागच्या जागी गेला. १९९५ मध्ये जेनोआत एक तरुण भोसकला गेला. २ फेब्रुवारी २००७ ला कतानिया-पालेर्मो सामन्याच्या वेळी दंगलीत एक पोलीस अधिकारी मारला गेला आणि सगळी लीग थांबवली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अरेझ्झोजवळ महामार्गाच्या एका थांब्यावर पोलिसाच्या गोळीने लाझिओचा चाहता मेला. तेव्हा कडक कायदे का आले, हे समजण्यासारखं आहे. तिकिटावर नाव, दारात ओळखपत्र, फिरते लोखंडी दरवाजे, कॅमेरे. २०१० पासून तर बाहेरगावच्या सामन्याला जायचं किंवा हंगामाचा पास काढायचा तर ‘तेसेरा देल तिफोसो’ म्हणजे चाहत्याचं ओळखपत्र सक्तीचं झालं.

या व्यवस्थेशी माझी गाठ पडली ती तुरिनमध्ये शिकत असताना. एका रविवारी उत्तरेकडच्याच एका मध्यम शहरात, नाव नको, सामना बघायला गेलो. तिकिटावर मी माझं नाव आणि आडनाव टाकलं होतं. पासपोर्टवर, कोणत्याही मराठी माणसाच्या असतं तसं, मध्ये वडिलांचं नाव. दारावरच्या मुलीने दोन्ही कागद शेजारी धरले.

“हे मधले कोण?”

“माझे वडील.”

“त्यांचं तिकीट कुठे आहे?”

“ते साताऱ्यात आहेत.”

तिने साहेबाला बोलावलं. साहेबाने आणखी एका साहेबाला. वीस मिनिटं गेली. मागे रांगेतले लोक वैतागण्याऐवजी माझ्याशी सहानुभूतीने बोलू लागले. एकाने सांगितलं की त्याच्या मेहुण्याच्या नावात एक अक्षर चुकलं होतं तर त्याला परत पाठवलं. आत पोचलो तेव्हा पहिला गोल होऊन गेला होता. मी उल्ट्रा नव्हतो, माझ्याकडे छत्रीसुद्धा नव्हती, ती आधीच्या दारावर काढून घेतली होती. आणि पाऊस होता.

त्या वीस मिनिटांचं मला तेव्हा फक्त हसू आलं, पण त्यात एक साधा हिशेब आहे. दंगल करणारा माणूस असल्या अडथळ्यांना कंटाळत नाही. ते त्याच्या खेळाचाच भाग आहेत. कंटाळतो तो दोन मुलांना घेऊन आलेला बाप. कायदा अशा चाळणीसारखा चालला ज्यात गहू खाली पडले आणि खडे वर राहिले. रोममध्ये २०१५ साली गोलामागच्या दोन्ही बाजूंमध्ये मधोमध काचेच्या भिंती घातल्या, जमाव तोडायला. उल्ट्रांनी बहिष्कार टाकला, रोमची स्थानिक लढत, जी बघायला लोक जन्मभर वाट बघतात, ती अर्ध्या रिकाम्या ओलिंपिकोत झाली. २०१७ मध्ये भिंती काढल्या. चाहत्याचं ओळखपत्रही त्याच सुमारास गुंडाळायला घेतलं. ज्यांनी मधल्या वर्षांत जाणं सोडलं होतं त्यांना कोणी पत्र पाठवून बोलावलं नाही.

उल्ट्रांविषयी मी पूर्ण वाईट लिहिणार नाही. इटलीतल्या स्टेडियमात जे काही अंगावर काटा आणणारं आहे, म्हणजे नव्वद मिनिटं न थांबणारी गाणी, अख्खा उतार व्यापणारी चित्रं, ढोल, ते त्यांनीच उभं केलंय. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच ज्याने बघितली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पेठेचा अभिमान काय करू शकतो आणि कुठवर घसरू शकतो हे दोन्ही त्याला माहीत असतं. पण अभिमान आणि मालकी यांत फरक आहे. एप्रिल २०१२ मध्ये जेनोआचा संघ सिएनाविरुद्ध घरच्या मैदानावर ०-४ ने मागे पडला तेव्हा उल्ट्रांनी सामना थांबवला आणि खेळाडूंना अंगातले शर्ट उतरवायला लावले, तुम्ही ते घालायच्या लायकीचे नाही म्हणून. खेळाडूंनी उतरवले! पोलीस बघत होते. २००१ मध्ये मिलानच्या सान सिरो स्टेडियमच्या दुसऱ्या मजल्यावरून एक स्कूटर खाली ढकलण्यात आली. स्कूटर. ज्या दारातून छत्री आत जात नाही तिथे स्कूटर कशी गेली, हा प्रश्न मी अजून सोडवतो आहे.

आणि ऑक्टोबर २०२२ ची ती रात्र. मिलान शहरातल्या इंटर क्लबच्या उल्ट्रांच्या एका जुन्या म्होरक्याचा त्याच्या घराबाहेर खून झाला. सान सिरोवर सामना चालू असताना बातमी आली. उल्ट्रांनी शोक म्हणून उत्तरेची बाजू रिकामी करायचं ठरवलं. स्वतः निघून गेले असते तर प्रश्न नव्हता. पण त्या बाजूला तिकीट काढून बसलेल्या बाकीच्यांनाही उठवलं, काहींना ढकलून, धमकावून. लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबं होती, दूरच्या गावाहून कित्येक तास प्रवास करून आलेली होती. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, मिलानच्या सरकारी वकिलांनी शहरातल्या दोन्ही क्लबांच्या उल्ट्रा म्होरक्यांना अटक केली. आरोप स्टेडियमभोवतीच्या गुन्हेगारी धंद्यांचे, खंडणीपासून पुढे. म्हणजे इतकी वर्षं त्या बाजूला एक यजमान होता म्हणायचा, फक्त तो वेगळ्या धंद्यातला होता.

घोटाळ्यांचं कारण मला सर्वांत कमी पटतं. २००६ चा काल्चोपोली घोटाळा मोठाच होता. पंचांच्या नेमणुकांत हात घातल्याबद्दल युव्हेंटसची दोन विजेतेपदं काढून घेतली, दुसऱ्या श्रेणीत ढकललं. विश्वास उडाला म्हणून लोक गेले, असं म्हणतात. पण नापोलीकडे बघा. २००४ मध्ये क्लब दिवाळखोरीत गेला, तिसऱ्या श्रेणीतून नव्याने उभा राहिला, आणि तिसऱ्या श्रेणीच्या सामन्याला सान पाओलोत पन्नास हजार माणसं आली. पार्मा २०१५ मध्ये बुडालं, चौथ्या श्रेणीत फेकलं गेलं, तिथे नऊ हजारांहून जास्त लोकांनी हंगामाचे पास काढले. तिफोसोचा ताप उतरला नव्हता. कोणीतरी दार उघडून ‘या’ म्हटलं की तो येत होता. बुडालेल्या क्लबला प्रेक्षकाची गरज असते, आणि ती गरज माणसाला लांबून ओळखू येते.

एक गोष्ट मात्र इटलीची खास आहे आणि ती कोणत्याही कायद्याने बदलणार नाही. तिथे युव्हेंटस, इंटर आणि मिलान यांचे चाहते देशभर पसरलेत. दक्षिणेतून तुरिनला फियाटच्या मोटार कारखान्यात कामाला गेलेल्यांनी युव्हेंटसचं वेड गावी नेलं. त्यामुळे सिसिलीत किंवा कालाब्रियात बसलेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा निष्ठावंत वर्षातून एखादं वेळी तुरिनला जाणार, बाकी टीव्ही. गावातला संघ त्याच्या खिजगणतीत नसतो. वर सास्सुओलोसारखे क्लब, चाळीसेक हजार वस्तीच्या गावाचे, जे स्वतःचे सामने शेजारच्या शहरात खेळतात. अशा संघाच्या मैदानावर वीस हजार येतील कुठून? सरासरीचा आकडा काढताना हेही धरायला हवं.

पुण्याच्या वाचकांना कदाचित आठवत असेल, २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी सुरू झाला तेव्हा फिओरेंतिना त्यात भागीदार होती, प्रशिक्षक फ्रांको कोलोम्बा इटालियन, आणि मैदानावर त्रेझेगे. बालेवाडीला त्याला बघायला आम्ही गेलो होतो. पाच वर्षांत तो क्लब गुंडाळला गेला. तेव्हा वाटलं होतं इटालियनांना क्लब चालवणं तरी येत असेल.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारी गोष्ट सांगतो, नाहीतर कोणीतरी सांगेलच. करोनानंतर इटलीत लोक परत आलेत. २०२३-२४ मध्ये सेरी आची सरासरी तीस हजारांच्या पुढे गेली, कित्येक वर्षांत नव्हती इतकी. सान सिरो सत्तर हजारांनी भरतं. आणि स्टेडियमं? बहुतेक तीच, नगरपालिकेचीच. मग यजमानाचा मुद्दा कोसळला की काय? मला तसं वाटत नाही, कारण मधल्या काळात वही बदलली. २०१८ ते २१ या तीन हंगामांत देशांतर्गत प्रसारणहक्कांचे वर्षाला सत्त्याण्णव कोटी युरोंहून जास्त मिळत होते. २०२१ च्या नव्या करारांत ते त्र्याण्णव कोटींच्या खाली आले. टीव्हीचा चेक लहान झाला, बंद दारांच्या वर्षाने तिकिटाच्या पैशाची किंमत कळली, आणि नव्याने आलेल्या अमेरिकन मालकांना रिकामी खुर्ची बघवत नाही. क्लबांना प्रेक्षक आठवला. शिवाय नापोली, मिलान, इंटर असे वेगवेगळे विजेते होऊ लागले, तेही कामाला आलं.

पाहुण्या संघाच्या चाहत्याला मात्र अजून कोणी वाली नाही. जानेवारी २०२३ मध्ये नापोली आणि रोमाचे उल्ट्रा महामार्गावर भिडले, अरेझ्झोजवळच्या त्याच थांब्यावर. शिक्षा म्हणून दोन्ही क्लबांच्या चाहत्यांना दोन महिने बाहेरच्या सामन्यांना बंदी. मारामारी शे-दोनशे जणांनी केली, घरी बसले हजारो. प्रश्न आला की दरवाजा बंद करायचा, ही सवय गेलेली नाही.

आणि दुसरी काळजी यजमानाचीच आहे. २०२५ च्या शरद ऋतूत मिलान नगरपालिकेने सान सिरो दोन्ही क्लबांना विकायला मंजुरी दिली. त्या शेजारी नवं उभं राहील, जुनं बहुतांश पाडलं जाईल. २०३२ ची युरो स्पर्धा इटली आणि तुर्कस्तानात आहे, तिच्यासाठीही घाई आहे. मी ज्या मालकीची बाजू घेतोय ती येतेय, हे खरं. पण पाहुण्याचं स्वागत करणारा यजमान वेगळा आणि टेबल रिकामं करा म्हणून बिल आणून ठेवणारा हॉटेलवाला वेगळा. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वस्त जागा, जिथून खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात पण शाळेतल्या मुलाच्या खिशाला परवडतात, त्या नव्या नकाशात किती उरतील यावर मी लक्ष ठेवून आहे.

पावसातल्या त्या सामन्यात माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. खाली घालायला घरून आणलेली उशी, कोटाच्या खिशात बोर्गेत्तीची बोटभर बाटली, थंडीत चढवायची गोड कडक कॉफीची दारू. अर्धी त्यांनी मला दिली. घरी बसून का बघत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, “टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे पळतो. मला चेंडू नसताना डावा बचावपटू काय करतो ते बघायचं असतं.” मग पुढची पंधरा मिनिटं मी त्या डाव्या बचावपटूलाच बघत बसलो, आणि खरंच, तो सगळ्यांच्या आधी धोका ओळखून दोन पावलं मागे सरकत होता. चेंडू त्याच्याकडे आलाही नाही.

दुसऱ्या डावात फलकावर प्रेक्षकांचा आकडा आला, आठ हजार काहीतरी. मी आजूबाजूला पाहिलं. एवढे नक्कीच नव्हते. त्यांना म्हटलं तर ते हसले. हंगामाचा पास काढलेले सगळे धरतात, आलेले असोत वा नसोत, असं म्हणाले, आणि माझ्या पलीकडच्या ओल्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

“ती माझ्या भावाची. कमरेच्या ऑपरेशननंतर त्याला पायऱ्या चढवत नाहीत. पास मात्र दरवर्षी काढतो. आत्ता तो घरी रेडिओ ऐकतोय, आणि इथे त्या आकड्यात बसलाय.”